क्रोन्स आजार : आहारोपचार आणि आतड्यातील जीवाणूंवरील उपचार (कोल्हापूरच्या संदर्भात)

क्रोन्स हा पचनमार्गाचा दीर्घकाळ चालणारा दाहक आजार आहे. तोंडापासून गुदद्वारापर्यंत तो कुठेही होऊ शकतो, पण लहान आतड्याच्या शेवटच्या भागात सर्वाधिक आढळतो. दाह आतड्याच्या भिंतीच्या सगळ्या थरांत उतरतो. त्यामुळे पुढे आतडे अरुंद होणे, भगंदर होणे असे त्रास उद्भवतात. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी १९३२ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. आनुवंशिक कल, शरीराच्या प्रतिकारशक्तीचा अतिरेक आणि आतड्यातील जीवाणूंचा बिघडलेला समतोल या तिन्हींचा त्यात वाटा मानतात.

कोल्हापुरात, भारतात इतरत्र पडतो तसा, पथ्याच्या आधी एक प्रश्न सोडवावा लागतो : हा क्रोन्स की पोटाचा टीबी? लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते ती जागा दोन्ही आजारांच्या आवडीची. ताप, घटणारे वजन, पोटदुखी हेही दोन्हींत सारखेच. दुर्बिणीने काढलेल्या तुकड्याच्या तपासणीतही कधी कधी उलगडा होत नाही. मग टीबीची औषधे सुरू करून काही महिन्यांत पुन्हा दुर्बीण घालतात आणि जखमा भरल्या का ते पाहतात. ही औषधे कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात. टीबी असताना क्रोन्स समजून दाह दाबणारे स्टेरॉइड दिले, तर तो पसरू शकतो. म्हणून ‘आधी पथ्याने काय होते ते बघू’ असे म्हणत निदान लांबवणे धोक्याचे आहे.

तिखटाने क्रोन्स होत नाही. कांदा-लसूण मसाल्याने आधीच दुखणारे पोट अधिक दुखेल, जुलाब वाढतील. पण त्रास वाढणे आणि दाह वाढणे या वेगळ्या गोष्टी आहेत. उलटही तितकेच खरे : भात-ताकावर राहून बरे वाटू लागलेल्या रुग्णाच्या आतड्यात दाह धुमसत असू शकतो. तो विष्ठेतील कॅलप्रोटेक्टिनच्या (आतड्यात दाह असला की वाढणारे प्रथिन) तपासणीत किंवा दुर्बिणीत दिसतो. औषधे परस्पर बंद होतात ती बहुधा याच टप्प्यावर.

दाहावरच काम करणारा, पुराव्याने सिद्ध झालेला आहारोपचार म्हणजे संपूर्ण द्रवाहार. सहा ते आठ आठवडे रुग्ण फक्त विशिष्ट पोषक द्रव घेतो. भाकरीचा तुकडाही नाही. लहान मुलांमध्ये याचा परिणाम स्टेरॉइडच्या तोडीचा असतो, आणि वाढ खुंटत नाही हा मोठा फायदा. मोठ्यांना तेवढे दिवस एकाच चवीवर काढणे जमत नाही आणि या द्रवाच्या डब्यांचा खर्चही भारी पडतो. म्हणून अर्धा द्रवाहार आणि अर्धे निवडक जेवण अशी पद्धत पुढे आली. मुलांमधील तिची महत्त्वाची चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या पहिल्या टप्प्यात कोंबडीचे मांस, अंडी, भात, बटाटा, केळी चालतात. गहू, दुधाचे पदार्थ, लाल मांस आणि पाकीटबंद खाद्ये वर्ज्य. म्हणजे फरसाण घातलेली मिसळ आणि पाव गेले, मटणाचा तांबडा-पांढरा गेला. पण मसाला घालण्याआधी बाजूला काढलेले कोंबडीचे अळणी आणि भात हे कोल्हापूरच्या स्वयंपाकघरात आजाऱ्यासाठी पूर्वापार होतेच. आहारतज्ज्ञाने इथूनच सुरुवात करावी. परदेशी तक्ता जसाच्या तसा हातात दिला तर तो आठवडाभरही टिकत नाही. आतडे अरुंद झालेले असेल तर मक्याचे दाणे, कच्च्या कोशिंबिरी, फळांच्या साली टाळाव्या लागतात, कारण त्या अडकू शकतात.

जीवाणूंवरील उपचारांबद्दल मात्र आशा फार आणि पुरावा थोडा. क्रोन्समध्ये फिकॅलिबॅक्टेरियम प्रॉस्निट्झाय हा उपकारक जीवाणू कमी झालेला आढळतो. तो वाढवला की आजार शमेल, असे वाटणे साहजिक आहे. पण द्रवाहाराने दाह उतरत असताना आतड्यातील जीवाणूंचे वैविध्य उलट घटते, हा जीवाणूही कमी होतो. ‘चांगले जीवाणू वाढवा’ एवढे सोपे हे गणित नाही. प्रोबायोटिक, म्हणजे उपकारक जीवाणूंच्या, कॅप्सूलचा क्रोन्सवर ठोस उपयोग दिसलेला नाही. ताक सोसत असेल तर जरूर प्यावे, पण औषध म्हणून नव्हे. निरोगी दात्याच्या विष्ठेतील जीवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचा उपचार क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइल या तीव्र जुलाब घडवणाऱ्या जीवाणूच्या वारंवार होणाऱ्या संसर्गावर उत्तम चालतो. क्रोन्ससाठी तो अजून संशोधनापुरताच आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत दात्याकडून आलेल्या औषध-प्रतिरोधी जीवाणूमुळे एका रुग्णाचा मृत्यू झाला. इंटरनेटवर वाचून हा प्रयोग घरी करणे जिवावर बेतू शकते.

कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध पिणे ही कोल्हापूरची जिव्हाळ्याची सवय आहे. अॅझाथायोप्रिन, इन्फ्लिक्सिमॅब यांसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असलेल्याने ते टाळावे. न उकळलेल्या दुधातून येणारा साधा संसर्गही अशा रुग्णाला गंभीर आजारी करू शकतो, आणि त्यात जनावरांच्या टीबीचाही समावेश होतो. सोसत असेल तर तेच दूध घरी नेऊन, नीट उकळून प्यावे. बिडी-सिगारेट मात्र पूर्ण सोडावी लागते : धूम्रपानाने क्रोन्स बळावतो आणि शस्त्रक्रियेनंतर तो उलटण्याची शक्यता वाढते.