तरंगंबाडी

तमिळनाडूच्या पूर्व किनाऱ्यावरील एक लहान ऐतिहासिक गाव आणि जुने बंदर. यूरोपीय कागदपत्रांत त्याचे नाव ट्रांकेबार असे येते. कारैकालच्या उत्तरेस सु. १५ किमी. अंतरावर, मयिलादुतुरै जिल्ह्यातील एका तालुक्याचे हे मुख्य ठिकाण असून २०२० पर्यंत ते नागपट्टणम जिल्ह्यात होते. डेन्मार्कची हिंदुस्थानातील प्रमुख वसाहत, तमिळ मुद्रणाचे एक आद्य केंद्र आणि अलीकडे निवांत सुटीचे ठिकाण, अशी त्याची ओळख आहे. पुदुच्चेरीला जाणाऱ्या मराठी प्रवाशांपैकी थोडेच इथवर येतात. तंजावरच्या भोसल्यांशी या गावाचा दीर्घ संबंध असूनही.

डेन्मार्कचा राजा चौथा ख्रिश्चन याच्या आश्रयाने १६१६ मध्ये डॅनिश ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. ओव्हे गेडे याच्या नेतृत्वाखालील मोहिमेने नोव्हेंबर १६२० मध्ये तंजावरचा रघुनाथ नायक याच्याशी करार करून येथे व्यापाराचे व किल्ला बांधण्याचे हक्क मिळवले. मिऱ्यांच्या व्यापारावर कंपनीची भिस्त होती. डेन्मार्क हे लहान राष्ट्र. यूरोपातील युद्धांत ते गुंतले आणि दूरच्या वसाहतीकडे पाहायला कोणाला सवड उरली नाही. १६४० च्या दशकापासून १६६९ पर्यंत मायदेशाहून एकही जहाज आले नाही. १६५५ नंतर किल्ल्यात एस्किल्ड अँडरसन काँग्सबाक हा एकच डॅनिश माणूस उरला होता. त्याने स्थानिक लोकांच्या बळावर किल्ला राखला, बंगालच्या उपसागरात जहाजे पकडून पैसा उभा केला आणि त्यातून गावाभोवती तटबंदी बांधली. १६६९ मध्ये ‘फेरो’ हे जहाज येऊन थडकले, तेव्हा डॅनिश निशाण अजून फडकत होते. सरकारने विसरलेली वसाहत तिच्या चाकराने टिकवावी, अशी उदाहरणे फार नसतील.

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी (एकोजी) यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले आणि तरंगंबाडीची जमीन भोसल्यांच्या राज्यात आली. त्यानंतर डॅनिश लोक मराठा दरबाराला वार्षिक खंडणी देत राहिले. संबंध मात्र नेहमीच सलोख्याचे नव्हते. खंडणीवरून आणि आसपासच्या गावांवरून खटके उडत.

गावाचे नाव जगभर गेले ते व्यापारामुळे नव्हे. ९ जुलै १७०६ रोजी बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग आणि हाइनरिख प्लुत्शाउ हे दोन जर्मन धर्मोपदेशक येथे उतरले. डॅनिश राजा चौथा फ्रेडरिक याने त्यांना पाठवले होते, पण स्थानिक डॅनिश अधिकाऱ्यांना ते नकोसे होते. त्सीगेनबाल्गला तर गव्हर्नरने सु. चार महिने किल्ल्यात कोंडून ठेवले. तो तमिळ उत्तम शिकला. इंग्लंडहून छापखाना आणि जर्मनीतील हाले येथून तमिळ अक्षरांचे खिळे (टाइप) आले. १७१४-१५ मध्ये बायबलचा ‘नवा करार’ हा भाग तमिळमध्ये येथे छापला गेला. जवळच्या पोरैयार येथे कागदाची गिरणीही निघाली. त्सीगेनबाल्ग १७१९ मध्ये वारला. त्याचे थडगे त्यानेच बांधलेल्या ‘न्यू जेरुसलेम’ चर्चमध्ये (१७१८) आहे.

याच मिशनचा ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्त्झ १७५० मध्ये तरंगंबाडीस आला. पुढे तो तंजावरला गेला आणि दत्तक राजपुत्र सरफोजीचा पालक व शिक्षक झाला. गादीवर आल्यानंतर याच सरफोजीने (दुसरा सरफोजी) तंजावरात ‘नवविद्याकलानिधी’ हा छापखाना काढला. त्यातून १८०६ मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापच्या गोष्टींचे मराठी पुस्तक बाहेर पडले. म्हणजे महाराष्ट्रात मराठी पुस्तके छापली जाण्याआधी ती कावेरीच्या काठी छापली जात होती. मराठी मुद्रणाचा इतिहास सांगताना हा धागा अनेकदा तळटीपेत जातो, आणि ते योग्य नाही.

ब्रिटिशांनी नेपोलियनच्या युद्धकाळात हे गाव दोनदा ताब्यात घेतले. १८१५ मध्ये ते परत मिळाले तरी व्यापार परत आला नाही. अखेर १८४५ मध्ये डेन्मार्कने तरंगंबाडी व बंगालमधील सेरामपूर साडेबारा लाख रुपयांना ब्रिटिशांना विकली. काही वर्षे तंजावर जिल्ह्याचे मुख्यालय येथे राहिले. ते तंजावरला हलले आणि नागपट्टणमला रेल्वे आल्यावर बंदराचे उरलेसुरले महत्त्वही संपले. आज पर्यटक ज्या शांततेसाठी येतात ती या पडझडीतून आली आहे. बाजारपेठ वाढली असती तर जुन्या वाड्यांच्या जागी लॉज उभे राहिले असते.

जुने गाव पायी हिंडून सहज पाहून होते. १७९२ मध्ये पुन्हा बांधलेल्या वेशीतून, डॅनिश राजचिन्हाखालून, राजरस्त्यावर यायचे. डावी-उजवीकडे चर्चे, बंगले, शाळा, आणि टोकाला मोकळ्या मैदानापलीकडे समुद्र. डान्सबोर्ग किल्ला दुमजली आहे. खाली कोठारे, दारूगोळा व तुरुंग, वर गव्हर्नर व पाद्री यांची निवासस्थाने अशी त्याची मांडणी होती. आता तेथे राज्य पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय आहे. किनाऱ्यावरील मासिलामणिनाथ मंदिर १३०६ च्या सुमाराचे, पांड्य राजा मारवर्मन कुलशेखर याच्या काळातील. त्याचा पुढचा भाग लाटांनी गिळला. सोनारांच्या गल्लीतील जुनी तमिळ घरे ‘इन्टॅक’ या वारसा जपणाऱ्या संस्थेने दुरुस्त केली आहेत. समुद्रासमोरचा जुना कलेक्टरचा बंगला वारसा हॉटेल झाला आहे.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत येथील मच्छीमार वस्तीत मोठी जीवितहानी झाली. त्यानंतर वस्तीचे पुनर्वसन आणि जुन्या इमारतींची डागडुजी ही कामे जवळपास एकाच वेळी झाली. गावात त्सुनामीचे स्मारक आहे.

येथील हवेत ओझोन भरपूर असल्याने ती आरोग्याला चांगली, असे पर्यटनाच्या जाहिरातींत ठासून सांगितले जाते. ते मनावर घेऊ नये. श्वासात जाणारा ओझोन फुप्फुसांना अपायकारकच असतो. हवा छान वाटते ती समुद्राच्या वाऱ्यामुळे आणि वाहने कमी असल्यामुळे. कोकणी माणसाला इथे एक गोष्ट उलटी वाटेल : सूर्य समुद्रातून उगवतो आणि मावळतो भातशेतीत. समुद्र ओढीचा आहे, पोहण्याजोगा नाही. ईशान्य मान्सूनचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो, त्यामुळे जानेवारी ते मार्चचा आरंभ हा काळ उत्तम.

परिसरातील तिरुक्कडैयूर येथील अमृतघटेश्वर-अभिरामी मंदिर साठीशांती आणि सहस्रचंद्रदर्शनासारख्या विधींसाठी प्रसिद्ध आहे; तेथे कोणत्याही दिवशी साठी-ऐंशीतले नवरा-नवरी हार घालून बसलेले दिसतात. उत्तरेला प्राचीन तमिळ (संगम) साहित्यातील पूंपुहार, दक्षिणेला कारैकालजवळ शनीचे तिरुनल्लार. मयिलादुतुरै ते तरंगंबाडी मीटरगेज रेल्वे १९२६ मध्ये सुरू झाली होती. ती १९८० च्या दशकात बंद पडली, त्यामुळे आता मयिलादुतुरै स्थानकावर उतरून बसने सु. ३० किमी. यावे लागते.