कारवी (येऊरच्या डोंगरातील)

कारवी हे सह्याद्रीच्या उतारांवर दाट जाळी करून वाढणारे आणि आयुष्यात एकदाच फुलणारे झुडूप आहे. शास्त्रीय नाव स्ट्रोबिलँथिस कॅलोसा. कुळ अडुळसा, कोरांटी यांचेच. ही वनस्पती दुर्मीळ नाही, दुर्मीळ आहे तो तिचा बहर. ठाणे शहराला टेकलेले येऊरचे डोंगर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे पूर्वेकडचे अंग. या उद्यानात कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते. २००८, २०१६ आणि २०२४ ही अलीकडची फुलोऱ्याची वर्षे. इतर डोंगरांवर हे गणित वेगळ्या सालांचे असते, आणि काही चुकार झुडपे वर्षभर आधी किंवा नंतरही फुलतात.

फुलांच्या वर्षी लोक कारवी पाहायला डोंगर चढतात. उरलेल्या सात वर्षांत तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. खरे तर झाडाचा संसार त्या सात वर्षांतच उभा राहतो. मृगाच्या पावसाबरोबर काठ्यांना समोरासमोर मोठी, खरखरीत, दातेरी कडांची पाने फुटतात आणि उतार हिरवा होतो. पाऊस सरला की पाने वाळतात, आणि उन्हाळ्यात जाळी मेल्यासारखी दिसते. असे करत ती दोन-तीन पुरुष उंच होते. मुळे कातळावरची पातळ माती धरून ठेवतात, म्हणून उभ्या चढावर, जिथे दुसरे झाड टिकत नाही, तिथे कारवी टिकते. तिच्या गर्द सावलीत खाली फारसे काही उगवत नाही; मात्र बिबट्यासारख्या जनावरांना लपायला ही जाळी उत्तम.

आठव्या पावसाळ्यात, श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास, अख्खा उतार एकदम जांभळा होतो. फुले घंटेच्या आकाराची, निळसर जांभळी. कणसासारख्या फुलोऱ्याचा देठ चिकट असतो आणि त्यातून जाताना कपडे चिकचिकतात. आग्या आणि सातेरी मधमाश्या तुटून पडतात. या हंगामातला कारवीचा मध दाट, काळसर असतो. सगळी झुडपे एकाच वर्षी फुलण्यामागचे मानले जाणारे कारण असे: एकाच वेळी इतके बी तयार होते की ते खाणाऱ्या किड्यांना आणि प्राण्यांना सगळे संपवता येत नाही, आणि पुष्कळ बी रुजायला शिल्लक राहते. बी धरले की झुडूप मरते.

डोंगरातल्या आदिवासी पाड्यांशी कारवीचे नाते फुलांपेक्षा काठीचे आहे. वारली घरांचा कूड याच काठ्यांचा: सरळ, हलक्या काठ्या शेजारी शेजारी उभ्या बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी शेणमातीने लिंपायच्या. लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने रेखाटला जातो तो अशाच भिंतीवर. वारली चित्रे आज कागदावर, कापडावर जगभर जातात, पण त्यांचा पहिला पृष्ठभाग हा कारवीचा कूड होता, हे या वनस्पतीच्या वर्णनात सांगायलाच हवे. वेलींच्या मांडवाला आणि चुलीलाही हीच काठी लागते.

१८३२ साली जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ नीस फॉन एसेनबेक यांनी या जातीचे वर्णन केले. १९४४ मध्ये डच अभ्यासक ब्रेमेकांप यांनी तिच्यासाठी वेगळी प्रजाती (जवळच्या जातींचा गट, जीनस) मानली आणि तिला ‘कार्विया’ म्हटले; डोंगरातल्या माणसांच्या तोंडचा शब्द जवळजवळ तसाच लॅटिनमध्ये गेला. टोपली कारवी आणि वायटी या तिच्या जवळच्या जाती.

बहराच्या वर्षी गर्दीचा धोका मोठा असतो. फुलोरा तोडला किंवा छायाचित्रासाठी जाळीत शिरून झुडपे मोडली, तर त्या झुडपाची आठ वर्षांची साठवण जाते. त्याला दुसरी संधी नाही. राष्ट्रीय उद्यानात फुले तोडण्यास १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. मळलेल्या वाटेवरूनच फुले पाहावीत.

फुले गळल्यावर बोंडे मेलेल्या काठीवरच वर्षभर सुकत राहतात. पुढच्या पावसाळ्याचा पहिला ओलावा लागला की ती फटफट आवाज करत उकलतात आणि बी दूर उडवतात. जाळी मेल्याने आता उतारावर थेट ऊन पोहोचते, आणि त्या उघड्या जमिनीत नवी रोपे दाटीने उगवतात. २०२४च्या बहराची ही रोपे उद्यानात २०३२च्या सुमारास फुलतील.