‘ओन्ली अ‍ॅडमिन’: सोसायटीचे दोन ग्रुप कसे झाले

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरचे टॉवर असोत की नवी मुंबईतल्या नेरूळ-ऐरोलीचे सेक्टर, अनेक सोसायट्यांमध्ये आज दोन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतात. एक ‘ऑफिशियल’, त्यात फक्त कमिटी लिहिते. दुसरा गप्पांचा, आणि त्यात उरलेलं सगळं जग: टँकर कधी येणार, अकरावीला क्लास कुठला लावावा, चतुर्थीला उकडीचे मोदक कोण करून देतं, गायमुखला गाड्या कुठपर्यंत तुंबल्यात, पार्किंगमध्ये काल काय झालं. ही वाटणी आपोआप झालेली नाही. ती एका बटणामुळे झाली.

अनोळखी माणसांशी मराठीत ऑनलाइन गप्पा मारणं तसं जुनंच. १९९६च्या गणेशचतुर्थीला सुरू झालेल्या एका मराठी संकेतस्थळावर पाककृतींपासून राजकारणापर्यंत सगळं बोललं जायचं. ऑर्कुट २००४मध्ये आलं आणि ३० सप्टेंबर २०१४ला बंद झालं. मधल्या काळात शहराच्या, कॉलेजच्या, आवडत्या खाण्याच्या नावाने ‘कम्युनिटी’ काढणं ही रोजची गोष्ट झाली होती. तिथे टोपणनाव चालायचं. भांडण झालं तरी समोरचा माणूस लिफ्टमध्ये भेटत नसे. सोसायटीच्या ग्रुपवर तो भेटतो, आणि पुढचं बरंचसं त्यावरूनच ठरलं.

मत मांडण्याची भीती मात्र आधीच बसली होती. नोव्हेंबर २०१२मध्ये एका ज्येष्ठ नेत्याच्या निधनानंतर शहरं बंद राहिली. त्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं, तिच्या मैत्रिणीने ते ‘लाइक’ केलं आणि दोघींना अटक झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं; वेगळा जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ला. पुढे ते प्रकरण बंद झालं. त्यात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ हे कलमही सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ला रद्द केलं. पण ‘लाइक केलं तरी पोलीस येतात’ हे वाक्य राहिलं. सोसायटीच्या सेक्रेटरीला आजही ते ऐकवलं जातं.

व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप आले २०११मध्ये. फेब्रुवारी २०१६मध्ये सभासदांची मर्यादा १००वरून २५६ झाली. या आकड्याने इमारतींमधल्या ओळखीपाळखींना किती आकार दिला, हे सहसा कुणी लक्षात घेत नाही. अठ्ठावीस मजले, मजल्याला चार घरं, म्हणजे एका विंगेत ११२ घरं. तीन विंगांची ३३६. घरटी एकच माणूस घेतला तरी एका ग्रुपमध्ये मावत नाही. मग विंगवार ग्रुप निघाले आणि बोलणंही विंगवार झालं. ए विंगला पाणी कमी दाबाने येतंय हे सी विंगला सभेतच कळायचं. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या जुन्या चार मजली वसाहतींत ही अडचण नव्हती. अख्खी असोसिएशन एका ग्रुपमध्ये बसायची, वर सेक्टरचा ग्रुप वेगळा निघायचा. नेरूळकडच्या पक्षी पाहणाऱ्यांचे ग्रुप असेच सेक्टरांच्या कुंपणापलीकडे वाढले, कारण रोहित (फ्लेमिंगो) पाहायला जाणारी माणसं एका सोसायटीत फार तर चार-दोन असतात.

आता ते बटण. जून २०१८च्या अखेरीस ग्रुपमध्ये एक सेटिंग आलं: मेसेज कोण पाठवू शकतो, सगळे की फक्त अ‍ॅडमिन. १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने पाच जणांचा जीव घेतला. त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी फॉरवर्ड करता येणार नाही, अशी मर्यादा घातली गेली. अफवांची धास्ती खरी होती. कमिट्यांपुढे दोन वाटा होत्या: फॉरवर्डला मनाई करून बोलणं चालू ठेवायचं, किंवा सगळ्यांचंच बोलणं थांबवायचं. अनेक कमिट्यांनी दुसरी वाट धरली. ती सोपी होती, पण चुकीची होती.

का चुकीची, ते एका गळक्या पाइपवरून पाहता येतं. खुल्या ग्रुपवर बाराव्या मजल्यावरून एक फोटो येतो. दहा मिनिटांत अकराव्या आणि दहाव्या मजल्यावरचे ‘आमच्याकडेही’ म्हणतात. डक्टमधली एकच लाइन फुटली आहे हे प्लंबर यायच्या आत कळतं. ग्रुप ‘ओन्ली अ‍ॅडमिन’ केला की तेच तिघं सेक्रेटरीला वेगवेगळे मेसेज करतात. सेक्रेटरी तिघांना ‘बघतो’ म्हणतात, पण आपल्यासारखे आणखी दोघं आहेत हे त्या तिघांपैकी कुणालाच कळत नाही. मग कुणीतरी गप्पांचा ग्रुप काढतं. तिथे सगळे असतात, फक्त ज्याने उत्तर द्यायचं तो नसतो. असला तरी ‘इथलं ऑफिशियल नाही’ म्हणून गप्प राहतो.

‘ऑफिशियल’ या शब्दाचा घोळ इथूनच सुरू होतो. उपविधींनुसार, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीनुसार, तक्रार लेखी द्यायची असते. ती पुढच्या कमिटी सभेत घ्यायची आणि त्यानंतर १५ दिवसांत निर्णय कळवायचा. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिशीला पूर्ण १४ दिवस लागतात. ‘ऑफिशियल’ ग्रुपवर टाकलं म्हणजे यातलं सगळं झालं, असा समज कमिटीचाही होतो आणि सभासदांचाही. मे २०२२पासून मेसेजवर अंगठा, बदाम उमटवता येऊ लागले. ‘ओन्ली अ‍ॅडमिन’ ग्रुपमध्येही ते चालतात. रंगकामाच्या कोटेशनवर चाळीस अंगठे आले की कमिटीला ती मंजुरी वाटते. अंगठा देणाऱ्याला मात्र फक्त ‘वाचलं’ एवढंच म्हणायचं असतं.

त्याहून गुंतलेला शब्द ‘अ‍ॅडमिन’. कुणी त्याचा अर्थ मालक घेतो, कुणी संपादक, कुणी जामीनदार. एप्रिल २०२०मध्ये, टाळेबंदीत, शेजारच्या मुंबईत पोलिसांनी आदेश काढून चुकीच्या माहितीसाठी अ‍ॅडमिनला व्यक्तिशः जबाबदार धरलं. मुंबईबाहेरही बरेच ग्रुप त्या आठवड्यात ‘ओन्ली अ‍ॅडमिन’ झाले. न्यायालयं वेगळं सांगत होती. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१६मध्येच म्हटलं होतं की ग्रुपवरच्या बदनामीसाठी अ‍ॅडमिनला धरणं म्हणजे वर्तमानपत्रातल्या मजकुरासाठी कागद बनवणाऱ्याला धरणं. आपल्या उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ला गोंदियाच्या एका प्रकरणात अ‍ॅडमिनवरचा गुन्हा रद्द केला. कारण साधं होतं: अ‍ॅडमिन माणूस घेऊ शकतो, काढू शकतो, मेसेज पडण्याआधी तो अडवण्याची सोय त्याच्याकडे नाही. समान हेतू किंवा पूर्वनियोजन सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी.

हा निकाल सोसायट्यांपर्यंत फारसा पोचलाच नाही, आणि पुढच्या वर्षी अ‍ॅडमिनचं कामच बदललं. २०२२मध्ये त्याला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी पुसण्याची सोय मिळाली. २०२३मध्ये नवा सभासद मंजूर करण्याचा अधिकार आला. आधी अडवणं आजही त्याच्या हातात नाही, पण नंतर पुसणं आहे. त्यामुळे ‘तू पुसलं का नाहीस’ हा प्रश्न आता अ‍ॅडमिनला विचारला जातो, आणि तो पूर्णपणे गैर म्हणता येत नाही. एक चांगली गोष्ट अशी की ग्रुपला कुलूप लावण्याचं जुनं कारण यामुळे संपलं. वाईट फॉरवर्ड आलं तर तेवढंच पुसता येतं.

विंगवार वाटणीचं कारणही गेलं. मर्यादा २०२२मध्ये आधी ५१२ आणि मग १,०२४ झाली. म्हणजे ३३६ घरांतले घरटी दोघं घेतले तरी जागा उरते. त्याच वर्षी मतदानाचा पोल आला, बारा पर्यायांपर्यंत. इथे एक चूक हमखास होते. पोल फोन मोजतो, घरं मोजत नाही. नवरा-बायको दोघंही ग्रुपवर असले की एका घराची दोन मतं पडतात. भाडेकरूही मत देतो, आणि एकाहून जास्त उत्तरांची मुभा बंद केली नसेल तर एकच माणूस इमारतीसाठी सुचवलेल्या तिन्ही रंगांना होकार देतो. कल जाणून घ्यायला पोल उत्तम. इतिवृत्तात त्याचा आकडा ठराव म्हणून लिहिला की वाद ठरलेला.

फोटोचंही तसंच. गळतीचा किंवा खारफुटीत टाकलेल्या डेब्रिजचा फोटो नेहमीसारखा पाठवला तर तो लहान होतो आणि त्यातली वेळ-जागेची नोंद निघून जाते. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. पुढे महापालिकेकडे तक्रार करायची असेल तर हा फरक महत्त्वाचा.

राहता राहिला ग्रुप कुणाच्या हातात, हा प्रश्न. मे २०१८पासून ग्रुप सुरू करणाऱ्याला इतर अ‍ॅडमिन काढू शकत नाहीत. फ्लॅट विकून कल्याणला गेलेला माणूस ‘ऑफिशियल’ ग्रुपचा अ‍ॅडमिन राहतो तो यामुळे. त्याने स्वतः बाहेर पडावं लागतं, पण त्याआधी नव्या कमिटीतल्या निदान दोघांना अ‍ॅडमिन करून. एकटाच अ‍ॅडमिन असताना तो तसाच निघून गेला तर अ‍ॅप उरलेल्यांतून कुणालाही नेमतं, मग तो भाडेकरू का असेना. जुनी कमिटी नव्या कमिटीला दप्तर सोपवते तेव्हा चेकबुक, शिक्के, पंपरूमच्या किल्ल्या यांची यादी होते, त्यावर दोन्हीकडच्या सह्या होतात. ग्रुपचं नाव आणि त्याचे अ‍ॅडमिन कोण, ही ओळ त्या यादीत अजून क्वचितच दिसते.