टाक्याऐवजी गाठ : बांधलेल्या रजईमागची गोष्ट

चतुर्थी होऊन गेली, ऊन जरा पक्कं झालं की गोव्यातल्या आमच्या डिचोलीच्या घरात गाद्या बाहेर निघत. चार महिन्यांच्या पावसाने कापूस दमट होऊन बसलेला असे. गादीवर झोपलं की मध्ये खड्डा आणि कडेला गोळे. मग कधीतरी सकाळी बेळगावकडचा पिंजारी खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली घेऊन वाड्यावर यायचा. तात छेडल्याचा तो आवाज दोन घरं आधीपासून ऐकू येई.

त्याचं पहिलं काम पिंजण्याचं नसे. आधी तो गादीच्या गाठी कापायचा. जाड सुती दोऱ्याची एकेक गाठ कात्रीच्या टोकाने उचलायची, कापायची, दोरा ओढून काढायचा. सगळ्या गाठी गेल्या की एका बाजूची शिवण उसवून कापूस अंगणातल्या चटईवर रिकामा करायचा. दुपारपर्यंत त्या काळपट गोळ्यांचा पांढरा ढीग झालेला असे. मग कापूस परत खोळीत भरायचा, काठीने झोडपून सारखा करायचा आणि हातभर दाभणात दोरा ओवून वरून खाली, खालून वर, पुन्हा गाठी. आजी सोप्यावर बसून लक्ष ठेवायची. आमच्याकडे बोलणं कोकणी, वाचन-लिखाण मराठी, म्हणून तिचं वाक्य तिच्याच भाषेत लिहितो : ‘चड घट ओडूं नाका, कापड फाटतलें.’ म्हणजे फार घट्ट ओढू नका, कापड फाटेल.

रजई ‘बांधणं’ म्हणजे मुळात हेच. वर सजावटीचं कापड, खाली अस्तर, मध्ये भरण. हे तीन थर एकमेकांना धरून ठेवायला हाताने किंवा मशिनने सलग शिवण घालण्याऐवजी ठरावीक अंतरावर दोरा आरपार नेऊन गाठ मारायची. परदेशी रजयांच्या फोटोंमध्ये वर लोकरीच्या दोऱ्यांची छोटी शेपटं उभी दिसतात, त्या अशा बांधलेल्या असतात. आपल्याकडे ही रीत ‘झटपट पर्याय’ म्हणून ओळखली जाऊ लागली आहे, आणि ते मला खटकतं. कारण गाठ ही शिवणीची गरीब बहीण कधीच नव्हती. तिची गरज वेगळ्या जागेवरून आली. वर टाका घालायचा की गाठ मारायची, हे आत काय भरलं आहे त्यावर ठरत आलं आहे.

आपली गोधडी घ्या. कोणी वाकळ म्हणतं, संस्कृतात हीच कंथा. तिच्यात भरण असं नसतंच. जुनी लुगडी, धोतरं, चादरी एकावर एक अंथरायच्या आणि कडेपासून आत धावदोरा घालत जायचं. कापडावर कापड असल्यामुळे आतलं काही सरकून गोळा होण्याची भीती नाही. पण थर एकमेकांवर घसरतात, म्हणून टाके जवळजवळ हवेत. शेकडो टाक्यांनी ते जुनं, विरलेलं कापड पुन्हा घट्ट होतं. गोधडी फाटली की तिच्यावर आणखी एक लुगडं चढतं आणि पुन्हा धावदोरा. आतला थर पुन्हा दिवसाच्या उजेडात येत नाही. गोव्याच्या हवेला ही पातळ गोधडीच पुरते. सत्तरी-सांग्याकडची डिसेंबरची पहाट सोडली तर जाड रजईची वेळ इथे कमीच येते.

सुट्या कापसाचं गणित उलटं आहे. न कातलेला कापूस हा नुसता तंतूंचा ढीग. त्याला दाबलं, ओलं केलं, ओढलं की तो आपसात गुंततो आणि कोपरा धरतो. त्याला जागच्या जागी ठेवायचं तर दोरा आरपार हवा. पण भरण चार बोटं जाड असेल तर धावदोऱ्याची सुई एका दमात दोन-तीन टाके उचलूच शकत नाही. प्रत्येक वेळी सुई सरळ खाली न्यायची, पूर्ण बाहेर काढायची, परत वर आणायची. एवढे कष्ट प्रत्येक टाक्याला पडणार असतील तर टाके कमी आणि प्रत्येक टाका पक्का, हाच मार्ग उरतो. गादीवाल्यांनी तो जगभर शोधला. युरोपातल्या लोकरीच्या आणि केसांच्या गाद्या अशाच आरपार दोऱ्याने बांधत, दोऱ्याखाली लोकरीचा लहान गोंडा ठेवून, म्हणजे कापड चिरणार नाही. जपानी फुतोनमध्येही कापसाचे थर असेच आरपार दोऱ्यांनी जागेवर धरलेले असतात.

शब्दांचं मूळ पाहिलं तरी हेच सापडतं. इंग्रजीतला ‘क्विल्ट’ आणि पोर्तुगीजमधले ‘कोल्शा’ म्हणजे पलंगपोस व ‘कोल्शांव’ म्हणजे गादी, हे तिन्ही लॅटिन ‘कुल्किता’ या एकाच शब्दातून निघाले. त्याचा अर्थ भरलेली गादी. म्हणजे युरोपात रजईचा जन्म गादीच्या घरात झाला, आणि गादीच्या घरची रीत गाठीची.

गोव्याचा या इतिहासात एक मोठा पण वेगळा धागा आहे, तो गाठीचा नसून टाक्याचा. सोळाव्या-सतराव्या शतकात गोव्याच्या बंदरातून लिस्बनला गेलेल्या मालात कोल्शा असत. बंगालमध्ये सातगाव-हुगळीच्या बाजूला पांढऱ्या सुती कापडावर पिवळसर टसरच्या दोऱ्याने भरलेले ते मोठे पलंगपोस. त्यांवर शिकारीची दृश्यं, गलबतं, बायबलमधल्या कथा. बॉस्टन आणि लंडनच्या संग्रहालयांत त्यांतले काही आजही आहेत. 1583 मध्ये गोव्याला आलेला आणि इथल्या आर्चबिशपच्या पदरी राहिलेला डच माणूस यान हुईखेन व्हान लिन्सखोटेन यानेही गुजरातेतल्या खंबायतेच्या रेशमी टाक्यांच्या कोल्शांबद्दल लिहून ठेवलं. त्याचं लेखन 1596 मध्ये छापलं गेलं. या कोल्शांत ऊब हा मुद्दाच नव्हता. टाका हेच चित्र होतं, म्हणून टाका दाट. टाक्याला कलेचा मान मिळाला तो अशा वस्तूंमुळे, आणि गाठ मागच्या अंगणात राहिली.

आमच्या शेजारच्या उत्तर कन्नडमध्येही टाकाच मोठा. यल्लापूर, हल्याळ भागातल्या सिद्दी बायका कौदी शिवतात, तिला कवंद असंही म्हणतात. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेली माणसं गोव्यातल्या पोर्तुगिजांच्या तावडीतून पळून घाटावरच्या रानात गेली. आजच्या सिद्दींपैकी पुष्कळांचे पूर्वज हे. त्यांची कौदी एका कोपऱ्यातून सुरू होते, कडेकडेने फिरत मध्याकडे येते आणि चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाची फुलं लागतात. फुलांशिवाय कौदी त्यांना उघडी वाटते. जाड दोऱ्याचा मोकळा धावदोरा, आत जुनं कापड. पुन्हा तोच हिशेब : आत कापड, तर वर टाका.

गाठीला पांघरुणाच्या वरच्या बाजूला, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आणलं ते अमेरिकेने. एकोणिसाव्या शतकात तिथल्या घरांमध्ये दोन प्रकारची पांघरुणं असत. एक बारीक शिवणीची, पाहुण्यांसाठी आणि लग्नाच्या पेटीसाठी. दुसरी रोजच्या थंडीसाठी, लोकरीच्या किंवा जाड कापसाच्या भरणाची, जुन्या कोटा-पँटींच्या तुकड्यांची. या दुसऱ्या प्रकाराला ‘कम्फर्ट’ किंवा ‘कम्फर्टर’ म्हणत आणि ती बहुतेक बांधलेली असे. जाड लोकरी कापडातून बारीक टाका निघतच नाही, आणि घरात सहा मुलं असताना एका पांघरुणावर हिवाळाभर बसायला वेळ कुणाला? चार-पाच बायका चौकटीभोवती बसल्या तर एक रजई दिवसभरात बांधून होई.

श्रीमंतांच्या घरीही गाठ शिरली, वेगळ्या दाराने. 1876 मध्ये फिलाडेल्फियाला मोठं प्रदर्शन भरलं, तिथला जपानी विभाग पाहून वेड्यावाकड्या तुकड्यांच्या रजईची, ‘क्रेझी क्विल्ट’ची लाट आली. मखमल, रेशीम, जरीचे तुकडे, त्यांवर भरतकाम. एवढ्या थरांतून धावदोरा घालणं अशक्यप्राय आणि घातला तर भरतकामाची नासाडी. मग अस्तराला ती मागून गुपचूप गाठींनी टाचली जाई.

मंदीच्या 1930 च्या दशकात पीठ आणि जनावरांचं खाद्य येणाऱ्या छापील कापडी पिशव्या उसवून रजया झाल्या, त्यांतल्याही कितीतरी बांधलेल्या. आणि मला सगळ्यात जवळचं वाटतं ते मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींचं काम. रशिया-युक्रेनमधल्या दुष्काळात मदत करण्यासाठी 1920 मध्ये मेनोनाइट सेंट्रल कमिटी उभी राहिली. तिच्यामार्फत युद्धाने आणि आपत्तीने उघड्यावर पडलेल्या लोकांना जी पांघरुणं जातात, ती आजही गावोगावच्या बायका-पुरुष एकत्र बसून गाठींनी बांधतात. निर्वासित माणसाला ऊब या हिवाळ्यात हवी असते. तिथे गाठ ही सवड वाचवण्याची युक्ती राहत नाही. एका पांघरुणाच्या वेळात अनेक पांघरुणं होतात.

मग भरणच बदललं. 1941 मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिकसन यांनी पॉलिस्टरचा तंतू काढला, पन्नाशीच्या दशकात तो बाजारात आला आणि काही वर्षांत रजयांसाठी पॉलिस्टरचं वॅडिंग, म्हणजे भरणाचा तयार थर, मिळू लागलं. याचे तंतू राळेने किंवा उष्णतेने एकमेकांना चिकटवलेले असतात. धुतलं तरी गोळा होत नाही. जुन्या कापसाच्या भरणाला एक-दोन इंचांवर टाका लागे; या वॅडिंगला त्याहून बरंच जास्त अंतरही चालतं. गाठीसाठी हे वरदानच होतं. सत्तरीच्या दशकात फुगीर, गाठी मारलेल्या रजया अमेरिकेत घरोघर झाल्या. त्याच काळात, 1971 मध्ये, न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जुन्या रजया चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या गेल्या आणि रजई ही कला म्हणून पाहिली जाऊ लागली. कलेचा मान पुन्हा शिवणीकडे गेला. बांधलेली रजई ‘नवशिक्यांची’ ठरली, आणि हा शिक्का शिवणकामाच्या वर्गांतून आपल्यापर्यंत जसाच्या तसा आला आहे. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या गादीला गाठी मारल्या गेल्या, तिथे गाठ परक्या देशातली सोपी क्लृप्ती म्हणून शिकवली जाते, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

गाठीचीही एक शिस्त आहे. सलग शिवणीत ओढ ओळभर वाटली जाते. गाठीत ती एका ठिपक्यावर येते. म्हणून वरचं कापड घट्ट विणीचं लागतं. विरलेलं लुगडं गोधडीत चालतं, पण बांधलेल्या रजईत ते गाठीभोवती पहिल्या वर्षातच फाटतं. दोरा सुती बरा, भरतकामाचा किंवा क्रोशाचा. धुतल्यावर तो आवळतो. ॲक्रिलिकची गुळगुळीत लोकर सुटून येते. सुई खाली नेऊन पाव इंचावर वर काढायची, मग दोऱ्याचा उजवा शेव, म्हणजे टोक, डाव्यावरून, नंतर डावा उजव्यावरून. दोन्ही वेळा उजवाच वर घेतला तर गाठ तिरकी बसते आणि घसरते. निरगाठ बसली की शेव इंचभर ठेवून कापायचे, अगदी मुळाशी नाहीत. आणि आजी म्हणायची तेच : आवळायचं, पण कापडाला खळी पडेपर्यंत नाही.

आजीच्या त्या गादीचा कापूस मी टाकला नाही. आता धनुकलीवाला आमच्या वाड्यावर येत नाही. कापूस पोत्यात भरून फोंड्याला नेला, तिथे दुकानातल्या मशिनवर पिंजून मिळाला. सुटा कापूस, म्हणून गाठी चार-चार बोटांवर घ्याव्या लागल्या, पॉलिस्टरसारखी मोकळीक नाही. निळं अस्तर, वर लाल चौकड्यांचं सुती कापड, दोरा पांढरा. तीन रविवार लागले.

अशी रजई पाण्यात घालता येत नाही; खोळ धुवायची आणि रजईला ऊन द्यायचं. गेल्या पावसाळ्यात पायाकडचा कोपरा खिडकीतल्या झडीने भिजला आणि आत कापूस बसला. अकरा गाठी कापल्या, कडेची शिवण उसवली, तेवढाच कापूस काढून दोन दिवस पत्र्यावर वाळवला, बोटांनी मोकळा केला, परत भरला. पांढरा दोरा संपला होता, म्हणून त्या अकरा गाठी पिवळ्या आहेत.