किटमधले तास आणि ड्युटीचा तक्ता

मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात कोरोनाचे रुग्ण सापडले आणि सांगली-मिरजेच्या वॉर्डांतली ड्युटीच बदलून गेली. तेव्हापासून आरोग्य कर्मचाऱ्यांना एकच सल्ला मिळत आला: मन खंबीर ठेवा. आमच्या मते त्यांच्यावरचा ताण कमी करायची सुरुवात ड्युटीच्या तक्त्यापासून व्हायला हवी.

पीपीई किट, म्हणजे संसर्गापासून वाचवणारा अंगभर पोशाख, अंगात असताना पाणी पिता येत नाही, लघवीला जाता येत नाही. म्हणून कित्येक सिस्टर ड्युटीच्या आधीपासूनच पाणी तोडायच्या. किटच्या आत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. ६० किलोच्या माणसाच्या अंगातलं सव्वा लिटर पाणी, म्हणजे वजनाच्या सुमारे २ टक्के, गेलं की डोकं दुखतं, लक्ष उडतं, चिडचिड होते. ही चिडचिड स्वभावातली नसते, तहानेची असते.

खरा धोका किट काढताना. प्रत्येक टप्प्यानंतर हात निर्जंतुक करायचे, मास्क खोलीबाहेर आल्यावर शेवटाकडे काढायचा. दमलेला हात एक टप्पा गाळतो, नकळत कपाळाचा घाम पुसतो. मग ‘घरी लेकराला संसर्ग दिला तर नाही ना?’ ही धास्ती कितीतरी दिवस झोपू देत नाही. म्हणून किट ४ तासांत उतरवावं आणि काढताना समोर उभं राहून टप्पे मोठ्यानं सांगणारं माणूस हवंच.

पहाटे ४-५ च्या सुमारास शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं आणि डोळे मिटू लागतात. सलग १७ तास जागलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा चुकतो. त्याच अवस्थेत तो दुचाकीवरून तासगावला घरी निघतो. नाइटमध्ये २० मिनिटांची डुलकी द्यावी, उठल्यावर १५ मिनिटं इंजेक्शन भरायला लावू नये. पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढे सरकाव्यात. उलट्या फिरवल्या की झोप जुळत नाही.

तक्त्यानं न सुटणारी एक जखम आहे. ऑक्सिजनचा बेड एक, दारात रुग्ण तीन. निवड एकट्या डॉक्टरवर सोडली की तो अपराधभाव वर्षानुवर्षं राहतो. निकष लिहिलेले असावेत, निर्णयावर दोघा-तिघांच्या सह्या असाव्यात. रुग्णाच्या मृत्यूनंतर सगळ्या कर्मचाऱ्यांना बसवून सक्तीनं बोलतं करणं मात्र टाळा. जागतिक आरोग्य संघटना त्याची शिफारस करत नाही. हँडओव्हरच्या वेळी, म्हणजे पुढच्या पाळीकडे काम सोपवताना, जेवलात का, घरी कसे जाणार, एवढं विचारणं जास्त उपयोगी पडतं.

दोन आठवड्यांहून जास्त मन उदास असेल तर पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासणारी नऊ प्रश्नांची चाचणी भरावी. २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याऐवजी काहीही असलं, तर बेरीज न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं, सोबत कुणीतरी असावं आणि त्या रात्रीची ड्युटी दुसऱ्याला द्यावी.