कट्यारच्या खाँसाहेबांना व्हिलन म्हणण्याआधी

२०१५ ला 'कट्यार काळजात घुसली' या संगीत नाटकाचा सिनेमा आला, तेव्हापासून त्यातले गवई खाँसाहेब म्हणजे व्हिलन हे बऱ्याच जणांच्या डोक्यात फिट बसलंय. पण ज्यांच्या घरी नाटकातल्या मूळ खाँसाहेबांची, म्हणजे वसंतराव देशपांडेंची कॅसेट झिजेपर्यंत वाजली त्यांना हे जरा खटकतंच, आमच्याकडे तर 'खाँसाहेब लाव' असंच म्हणायचे, नाटकाचं नाव कोण घेतो.

जुन्या संगीत नाटकात गायचं ते नायक-नायिकेने. 'मानापमान'मध्ये (१९११) पदं धैर्यधर-भामिनीला आणि विनोदी लक्ष्मीधर नुसतं बोलून हशे वसूल करणार. १९६७ ला पुरुषोत्तम दारव्हेकरांनी 'कट्यार' लिहिलं, प्रभाकर पणशीकरांच्या नाट्यसंपदाने ते उभं केलं, आणि इथे गणितच उलटं झालं. राजगायक पंडित भानुशंकरांची जागा घेणारा, गाणं शिकायला आलेल्या सदाशिवला विद्या द्यायला साफ नकार देणारा, एक खून माफ असलेली राजगायकाची कट्यार मिरवणारा माणूस, आणि 'सुरत पिया की', 'लागी कलेजवा कटार' ही एकेक खणखणीत पदं त्याच्याच वाट्याला! आता ज्याचं गाणं ऐकून अंगावर काटा येतो त्याचा राग तरी कसा करणार.

यातली खरी गंमत 'घेई छंद मकरंद'मध्ये आहे. शब्द तेच, पण जितेंद्र अभिषेकींनी चाली दोन बांधल्या. पंडितजींची सालगवराळी रागातली, शांत, ठेहराव असलेली, आणि खाँसाहेबांची धानी रागातली, तीत वसंतराव असे काही सुटतात की बास. दोन्ही लागोपाठ ऐका, भांडण कशावरून आहे ते कळतं आणि दुसरा माणूस खोटा नाहीये हेही कळतं. घराण्याचा गर्व आहे, हट्ट आहे, पण सूर एकदम सच्चा. म्हणूनच शेवटी सदाशिववर उगारलेली कट्यार तो चालवू शकत नाही तेव्हा ते ओढूनताणून केलेलं वाटत नाही, त्याचा कान त्याला चालवूच देत नाही.

आणि हे करणारा माणूस कोण, तर वसंतराव देशपांडे. अनेक वर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकुनी केलेले, नागपूरला सप्रे गुरुजी, लाहोरला असद अली खाँ, मग सुरेशबाबू माने, अमान अली खाँ, असं मिळेल तिथून गाणं उचललेले, त्यामुळे एका घराण्याचा शिक्का नाही आणि शुद्धतावाद्यांची नाकं कायम मुरडलेली. म्हणजे खरं तर आयुष्य सदाशिवचं आणि रोल खाँसाहेबांचा! दाराबाहेर उभं राहणं काय असतं हे माहीत असलेल्या माणसाने दार लावून घेणारा उभा केला, त्यामुळेच तो नुसता आखडू वाटला नाही असं मला तरी वाटतं.

२०१० ला नाटक परत आलं, सुबोध भावे दिग्दर्शक, खाँसाहेब राहुल देशपांडे, म्हणजे वसंतरावांचा नातूच. सिनेमात सचिन पिळगावकर खाँसाहेब झाले तरी गळा राहुलचाच. सिनेमा बघून ज्यांनी खाँसाहेबांना शिव्या घातल्या त्यांनी एकदा ती धानी ऐका, रात्री, हेडफोन लावून.