जोडणीआधीची झाकाझाक

डीएनएचा लहान तुकडा, म्हणजे ऑलिगोन्यूक्लिओटाइड, प्रयोगशाळेत बनवायचा तर चार प्रकारचे न्यूक्लिओसाइड हवेत; प्रत्येकात एक साखर आणि तिला जोडलेला एक बेस (अ‍ॅडेनिन, ग्वानिन, सायटोसिन किंवा थायमिन). पण ते जसेच्या तसे वापरता येत नाहीत, कारण त्यांच्यात प्रतिक्रिया करू शकणाऱ्या जागा गरजेपेक्षा जास्त असतात. साखरेवर 5' आणि 3' (हे तिच्या कार्बनचे क्रमांक) या दोन ठिकाणी हायड्रॉक्सिल गट असतात. अ‍ॅडेनिन, ग्वानिन व सायटोसिनवर शिवाय अमिनो गट. हे सगळं उघडं ठेवून जोडणी सुरू केली, तर कोण कुठे चिकटेल याचा नेम नाही.

म्हणून नको त्या जागा आधीच झाकतात. अ‍ॅडेनिन व सायटोसिनवर बहुधा बेंझॉइल गट, ग्वानिनवर आयसोब्युटिरिल. थायमिनवर असा अमिनो गटच नाही, त्यामुळे ते सुटतं. हे गट शेवटी अमोनियाने निघतात. 5' टोकावरचं झाकण मात्र दर फेरीत, म्हणजे प्रत्येक नवं अक्षर (न्यूक्लिओसाइड) जोडताना, काढावं लागतं आणि तेही बाकीच्यांना धक्का न लावता. म्हणून ते आम्लाने निघणारं हवं.

खरी गंमत इथे आहे. 5' वरचं झाकण म्हणून साधा ट्रिटिल (तीन बेंझिन कड्यांचा) गट वापरला, तर तो काढायला आम्लात बराच वेळ लागतो आणि तेवढ्यात अ‍ॅडेनिन साखरेपासून तुटू लागतं. हरगोविंद खुराना यांच्या गटाने 1960च्या दशकात ट्रिटिलवर मेथॉक्सी गट चढवले. प्रत्येक मेथॉक्सीमागे तो साधारण दहापट सहज निघतो. तीन लावले तर नको तेव्हाही गळून पडण्याची भीती. दोन लावले की बेत जमतो. हाच डायमेथॉक्सिट्रिटिल, आजही वापरात असलेला. सुटताना तो गर्द नारिंगी रंग देतो, त्यावरून आधीची जोडणी किती यशस्वी झाली तेही मोजता येतं. रसायनशास्त्रात असा फुकटचा फायदा क्वचितच मिळतो!

3' टोकावर फॉस्फोरामिडाइट हा जोडणीला उत्सुक गट बसवण्याची पद्धत मार्विन कॅरुथर्स यांच्या प्रयोगशाळेत 1980च्या दशकाच्या सुरुवातीला आकाराला आली. साखळी घन आधाराला बांधलेली असते आणि पेशीतल्या दिशेच्या उलट, 3' कडून 5' कडे वाढते. ज्या साखळ्यांना पुढचं अक्षर जोडलं गेलं नाही, त्यांची तोंडं अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइडने कायमची बंद करतात.

तरीही गणित निष्ठुर आहे. प्रत्येक जोडणी 99 टक्के यशस्वी धरली, तर 20 अक्षरांच्या साखळ्या सुमारे 83 टक्के पूर्ण होतात. 100 अक्षरांच्या जेमतेम 37.

आरएनएमध्ये 2' जागी आणखी एक हायड्रॉक्सिल असतो. तो अमोनियाच्या वेळी उघडा असेल तर शेजारच्या, दोन अक्षरांना सांधणाऱ्या फॉस्फेटवर हल्ला करून साखळीच तोडतो. त्याच्यावर सिलिकॉनयुक्त गट बसवतात आणि तो फ्लोराइडने काढतात, अर्थात अमोनियाचं काम उरकल्यावरच.